अर्ध्या तासाचं बिल

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. बिल चुकीचं आलं की माझं डोकं फिरतं, मग ते विजेचं असो नाहीतर देखभालीचं. बाबांचं होतं देखभालीचं.

बाबा म्हणजे विल्फ्रेड होल्डन. वय चौऱ्याऐंशी, जन्मभर पोस्टमन. आमच्या गावातल्या सगळ्या चढणी ते बूट झिजवून चढलेत. आई गेल्यापासून एकटेच राहतात. गेल्या हिवाळ्यात ते स्वयंपाकघरात पडले आणि खुबा मोडला. शेजारणीला दुपारी कळलं, तोवर थंडगार फरशीवर तसेच पडून होते. इस्पितळातून घरी आले तेव्हा कौन्सिलने, म्हणजे आमच्या नगरपालिकेने ठरवलं, रोज सकाळी सातला त्यांच्या देखभालीला रुटेंडो नावाची मुलगी येईल. अर्धा तास. अंघोळ, कपडे, नाश्ता. पैसे काही कौन्सिलचे, बाकीचे बाबांच्या पेन्शनमधून. बाबा घरीच राहू शकत होते ते एवढ्या एका अर्ध्या तासावर.

एकदा मी सकाळीच त्यांच्याकडे टपकले. बघते तर काय, बाबा टाय लावून खुर्चीत बसलेले, दाढी गुळगुळीत, अंथरुणावर एक सुरकुती नाही. आणि रुटेंडो चहात बिस्कीट बुडवतेय! दहा मिनिटांत ती निघाली. मी दारातच गाठली तिला.

"काय गं, अर्ध्या तासाचे पैसे घेता आणि चहा पिऊन जाता?"

"मी येते तेव्हा सगळं झालेलं असतं," ती म्हणाली. "रोज. आता काय, घातलेले कपडे काढायला लावू त्यांना?"

झिम्बाब्वेहून येऊन तिला तीन वर्षं झाली असतील, पण उत्तर द्यायला पक्की आमच्या यॉर्कशरची. तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. आल्यावर आणि निघताना ती फोनवर वेळ नोंदवते. त्या नोंदी मी मागवून घेतल्या आणि कौन्सिलला अशी खरमरीत तक्रार लिहिली की माझं मलाच कौतुक वाटलं.

पंधरवड्याने तक्रार विभागातल्या कॉलिन थॉर्पचा फोन आला. मवाळ आवाजाचा माणूस. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. जेवढी सेवा दिली तेवढ्याचेच पैसे घ्यायला हवे होते. जास्तीचे परत मिळतील."

मी खुर्चीतून उडालेच. "बघितलंत? तरी मी म्हणतच होते!"

"एक गोष्ट राहिली," तो म्हणाला. "वडील सगळं स्वतः आवरत असतील, तर त्यांना सकाळच्या मदतीची गरज नाही असा अर्थ निघतो. मग ती बंद करावी लागेल."

रुटेंडो आली नाही तर बाबा पडलेले कळणार कोणाला? मी चाळीस मैलांवर राहते. इस्पितळातल्या बाईने तेव्हाच बजावलं होतं, सकाळी कोणी येणार नसेल तर वृद्धाश्रम बघा. आणि बाबा त्या घरातून जिवंतपणी हलणार नाहीत. झक मारली आणि तक्रार केली, असं झालं मला.

"एकदा घरी येऊन बघा तरी," मी म्हटलं. माझा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

गुरुवारी कॉलिन आला. ओला रेनकोट दाराबाहेरच झटकला, बूट पुसले. बाबांना लगेच आवडला. बाबा अर्थातच सुटात. घरात सगळीकडे पॉलिशचा वास.

"माझी काही तक्रार नाही हो," बाबांनी सुरुवातच केली. "आमच्या जॅनिसला सवय आहे. मजेत आहे मी."

"सकाळी सगळं तुमचं तुम्हीच आवरता?"

"हो तर! पोस्टातला माणूस मी. चारला उठतो."

"आणि रुटेंडो येते सातला." कॉलिनने कप खाली ठेवला. "मधले तीन तास काय करता?"

"आवरतो."

"तीन तास?" मी मध्येच तोंड घातलं. कॉलिनने नुसती मान हलवली, गप्प राहा म्हणून. राहिले.

बाबांनी खिडकीकडे बघितलं. "शर्टला वेळ लागतो. बटणं बारीक असतात. मोजे जिन्याच्या पायरीवर बसून घालावे लागतात. डावा पाय वर येत नाही." मग जरा थांबून, "कधी कधी मध्ये बसून राहतो थोडा."

"पडलात का पुन्हा?"

"नाही."

"बाबा!"

"एकदा. न्हाणीघरात. पण सातच्या आत उठलो की मी."

मला संतापच आला. "अहो, ती त्यासाठीच तर येते! ती येईपर्यंत अंथरुणात पडून राहायला काय होतं तुम्हाला?"

"घरी कोणी येणार, तर आवरायला नको का?" बाबा माझ्यावरच डाफरले. "परकी पोर ती. तिने आत यायचं आणि अंथरूण तसंच, दाढी वाढलेली, मी असा... तुझ्या आईला चाललं असतं?"

नसतंच चाललं. फरशी पुसायला बाई येणार म्हटलं की आई आदल्या दिवशी फरशी पुसून ठेवायची. मीही गाडी धुऊनच दुरुस्तीला नेते. आमच्याकडे सगळे असेच, कोणाला काय बोलणार?

कॉलिनने खाकरून घेतलं. "मिस्टर होल्डन, मागचे पैसे तुमचेच आहेत, ते मिळतील. प्रश्न पुढचा आहे. तुम्हाला मदत लागत नाही असं तुम्ही म्हणालात, तर मला तसंच लिहावं लागेल. लागते म्हणालात, तर उद्यापासून तिचं काम तिला करू द्यावं लागेल. पैसेही मग पूर्ण अर्ध्या तासाचे."

बाबा माझ्याकडे वळले. "जॅनिस, जरा चहा टाक."

"आत्ताच झालाय चहा. मी कुठे जात नाही."

मला बाहेर घालवायचं होतं त्यांना, ते मला कळत होतं. गेले असते तर बरं झालं असतं का, अजून मला सांगता येत नाही. बाबांनी टायची गाठ चाचपली.

"मला मोजे घालता येत नाहीत," ते म्हणाले. "अंघोळही जमत नाही धड."

कॉलिनने ते लिहून घेतलं, वर न बघता. मी नाक पुसलं आणि शेवटी चहा टाकायला गेलेच.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी सातला रुटेंडोने दार उघडलं आणि हाक मारली. बाबांच्या खोलीतून उत्तर नाही. आम्ही दोघी एकदमच आत शिरलो.

बाबा अंथरुणातच होते. पायजमा, विस्कटलेले केस, गालावर पांढरे खुंट, पांघरूण हनुवटीपर्यंत घट्ट धरलेलं. टक्क जागे. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"माफ कर हं, पोरी," ते रुटेंडोला म्हणाले. "आज काही म्हणता काही आवरलेलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बाह्या सारून गरम पाणी आणायला गेली.