समीक्षाच्या पाठीवरची सळई

"पोरीच्या कातडीला जखम होऊ देऊ नका. जखम झाली की हा रोग नेमका तिथंच उगवतो," बालाघाटच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तापल्या सळईनं डागणाऱ्यांपासून तर लांबच ठेवा म्हणाल्या, तेव्हा पोरीची आई, रचना, हसली होती. बीएस्सी झालेली बाई ती. "आमच्या घरी आता कोण डागते, मॅडम?"

समीक्षाला सोरायसिस होता. रोगाशी लढणारे अंगातले पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवत होते. कातडी भराभर वाढायची, लाल व्हायची, खवले धरायची. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं रचना सासूला, मैनाबाईला, परतपरत सांगायची. मैनाबाई "हौ, हौ" म्हणायची.

त्या दिवशी रचना मलम घेऊन राजेगावला बसमधून उतरून घरी आली, तर अंगणातच किंकाळी ऐकू आली. आत सासू सहा वर्षांच्या पोरीला पालथी दाबून बसलेली. गावोगाव फिरून लेकरं डागणारा दुलीचंद चुलीतून तापलेली सळई उचलत होता. पोरीच्या पाठीवर एक चटका आधीच बसला होता. घरभर जळल्या कातडीचा वास.

"आई, सोडा तिले!" रचना सासूवर ओरडली.

"काहून बोंबलून राह्यली? तुया नवऱ्यालेबी डागलतं, मेला का तो? असे चट्टे घेऊन उद्या इले कोन करून नेईन?"

"बस एक अजून, बहूजी," दुलीचंद म्हणाला. "मंग बिमारी निंगूनच जाते."

सळई खाली आली. रचनानं ती मुठीत धरली. तळहात चर्रकन भाजला, तरी तिनं ती हिसकावली आणि त्याच्या मनगटावर हाणली. तो कोलमडला. तिनं पुन्हा हाणली, नाकावर, रक्त उडेपर्यंत. सासू केसांना झोंबली. रचनानं कोपरानं तिला भिंतीवर आदळलं आणि लेकीला उचलून रस्त्यावर पळाली.

पंधरवड्यात भाजल्या जागी, अगदी सळईच्या मापाचा, खवल्यांचा पट्टा उठला. "जखम दिसली म्हणून पहारेकरी धावले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि पुन्हा आपल्याच घरावर तुटून पडले." आता चूल पेटली की समीक्षा पलंगाखाली शिरते.

दुलीचंद नाकाला पट्टी बांधून तिरोडीकडच्या गावांत गेला, असं कळलं. तिकडेही कोणाच्या लेकीच्या अंगावर चट्टे असतील, आजीला नातीच्या लग्नाचा घोर असेल, सळई तापत असेल. रचना तुम्हालाच विनवते: शेजारी असं लेकरू असेल तर आजच जा. त्याच्या आईच्या देखत, त्याच्या पाठीवर डागल्याची खूण नाही ना, पाहून या.