गुडघ्याखालची जागा

माझ्या तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचंय. भाजी खारट झाली तरी आमचे हे 'छान झालीय' म्हणतात आणि गुपचूप तांब्याभर पाणी पितात. एकदाच 'जरा खारट वाटते' म्हणाले होते, तर मी दोन दिवस बोलले नव्हते. त्याला अबोला म्हणायचं नाही, असं मी बजावलं होतं. मला फक्त वाईट वाटतं.

पन्नाशीला टेकल्यावर मी अ‍ॅक्युपंक्चर शिकले. मुलगा नोकरीसाठी दूर गेला होता आणि घर खायला उठायचं. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांचं एकच पालुपद असायचं : सुई टोचली म्हणजे काम झालं असं नाही. आत गेल्यावर त्या जागी जडपणा यायला हवा, बोथट, हळूहळू पसरणारा. टोचल्याची कळ वेगळी आणि हे वेगळं. ते आलं की नाही हे रोग्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, म्हणून विचारायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं.

सरावासाठी घरचंच पोट मिळालं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून लोकांचे नंबर काढायचे, जेवणाची वेळ धड नाही, त्यामुळे पित्त पाचवीला पुजलेलं. मी ह्यांना पलंगावर आडवं केलं आणि पायजमा गुडघ्याच्या वर सरकवला. पोटाच्या तक्रारींसाठी गुडघ्याखाली, नडगीच्या बाजूला एक जागा असते. बाईंनी दाखवली होती, हाडापासून बोटभर बाहेर. तिथे सुई टोचली.

"आलं का?" मी विचारलं.

"नाही गं. नुसतं टोचलं."

मी सुई जरा खोल घातली. तरी नाही. मग काढून हाडाच्या अगदी जवळ टोचली. मला घाम फुटला होता, चेहरा रडवेला झाला असणार. "आता तरी?"

ह्यांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. "आलं," ते म्हणाले. "आलं, आलं." दुसऱ्या दिवशी उठून म्हणाले, पोट कसं फुलासारखं हलकं झालंय.

झालं. मी बाईंची जागा सोडली आणि नवऱ्याची धरली. बाई पुस्तकातलं सांगतात, मी जिवंत माणसावर शिकलेय, असा माझा तोरा होता. बाहेरच्या खोलीत दोन पलंग टाकले, मध्ये पडदा लावला आणि काम सुरू केलं. हे दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "डोळे माझ्याकडे दाखवा, पोट बायकोकडे." लोक येऊ लागले. पोट साफ न होणारा शिंपी आला, परीक्षा जवळ आली की जुलाब लागणारी एक मुलगी आली, जेवण झालं की फुगणारी बँकेतली रोखपाल आली. सगळ्यांना मी हाडाजवळच टोचत होते. काहींना बरं वाटायचं. ज्यांना वाटायचं नाही त्यांना मी म्हणायचे, धीर धरा, आमच्या ह्यांना बघा.

मग वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, माहेरपणाला म्हणून आल्या, पण कपडे अंगावर लोंबत होते. चार घास खाल्ले की पोटात आग पडायची. त्यांच्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पोट बघायचं ठरवलं होतं आणि वन्संनी ते रद्द करून टाकलं होतं.

"वन्सं, तेवढी तपासणी करून घ्या. मी सुया लावते, पण ती करून घ्या," मी म्हटलं. खरंच म्हटलं होतं. पण कसं म्हटलं ते मला ठाऊक आहे, जेवून आलेल्या पाहुण्याला अजून एक पोळी घ्या म्हणावं तसं.

"कशाला गं? माझ्या भावाचं एवढं जुनं पित्त गेलं, त्याने कुठे नळी घातली?" वन्सं म्हणाल्या आणि पलंगावर निजल्या.

मला बरं वाटलं. आता लिहिताना कबूल करते, खरंच वाटलं.

पोटावर, मनगटावर सुया लावून झाल्या. मग गुडघ्याखाली. "आलं का?"

"नाही बाई. टोचतंय नुसतं."

"येईल. तुमच्या भावालाही पटकन आलं नव्हतं." मी सुई आणखी आत सारली. वन्संनी ओठ दाबले, पण थांब म्हणाल्या नाहीत. हे दुकानात जायला निघाले होते, ते दारात थबकले.

"ताई," ते म्हणाले, "मला कधी आलंच नाही."

"काय आलं नाही?" मी विचारलं. कळलं होतं मला.

"तो जडपणा. पहिल्या दिवशीही नाही. आणि पित्तही गेलेलं नाही. दुकानात काउंटरखाली औषधाची बाटली ठेवतो मी."

"अरे गाढवा!" वन्सं ताडकन उठायला गेल्या. "तुझ्या भरवशावर मी डॉक्टरांना नाही म्हणून आले!"

"हलू नका, सुया आहेत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. एकेक सुई काढली, वन्संचा पाय पुसला आणि स्वयंपाकघरात गेले. हे मागोमाग आले.

मी ह्यांची खरडपट्टी काढली. माझं हसं केलंत म्हटलं. ज्यांच्या पायात मी भलतीकडे सुया खुपसल्या त्यांना काय तोंड दाखवू म्हटलं. "तुम्ही लोकांचे नंबर काढता ना? दिसत नसताना गिऱ्हाईक 'दिसतंय' म्हणालं तर काय होतं?"

"चष्मा चुकतो."

"मग?"

"मग मी बघतो, ते का म्हणालं," हे खालमानेने बोलले. "बहुतेकदा मी घाई केलेली असते. नाहीतर आवाज चढवलेला असतो."

आयुष्यात दुसऱ्यांदा ह्यांनी मला खारट भाजीला खारट म्हटलं होतं, आणि तेही किती सांभाळून.

हेच वन्संना तपासणीला घेऊन गेले. जठरात जखम निघाली. औषधाने भरेल, पण अशीच राहिली असती तर रक्त गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वन्सं परत आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू तर सांगितलंच होतंस, मीच ऐकलं नाही." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोडक्यात वाचलेली बाई, आणि तीच माझी समजूत काढत होती. मला इतकी लाज वाटली की मी ताटं वाढायला म्हणून उठले आणि ओट्याशीच उभी राहिले.

मग मी माझ्याकडे सुया लावून घेणाऱ्या सगळ्यांना फोन करायला घेतले. ह्यांनी फोन हातातून घ्यायचा प्रयत्न केला. "माझं नाव सांग. मी फसवलं म्हण."

"सुई माझ्या हातात होती," मी म्हटलं.

शिंप्याला सांगितलं, जागा चुकत होती, माझ्या बाईंकडे पुन्हा जाऊन नीट शिकते आणि मग बोलावते. तो हसून म्हणाला, अहो, आमचाही एखादा खांदा चुकतोच की. परीक्षावाल्या मुलीच्या आईने फोन आपटला. ते मला जास्त सोपं गेलं.

शेवटी रोखपाल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही, बोला."

"मलाही कधी आलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं, तर तुम्ही म्हणालात नीट लक्ष द्या. आणि तुमचा चेहरा असा पडला, की मला माझ्या पोटापेक्षा तुमचीच काळजी वाटायला लागली. मग मी रोजच हो म्हणायला लागले. बँकेत साहेबांना म्हणते, घरी सासूबाईंना म्हणते, तसंच तुम्हालाही."

खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते.

"तुम्ही शिकून आलात की मी येईन," ती म्हणाली. "पण तेव्हा नाही म्हटलं तर चालेल ना?"

'चालेल' एवढंच म्हणायचं होतं. हे समोर बसून माझ्याकडे बघत होते, आणि मला ते लगेच म्हणता आलं नाही.