पाचाच्या आत

मंगळवारी सकाळी पणशीकर आणि घोरपडे यांच्या स्वयंपाकघरांमधली भिंत नव्हती. ती पडली नव्हती, कुणी पाडलीही नव्हती. धूळ नाही की विटेचा तुकडा नाही. हेमांगी पणशीकर चहा टाकायला उठली तेव्हा शेजारच्या वत्सलाकाकी घोरपडे पोहे भिजवत होत्या, आणि दोन ओट्यांचा मिळून एक लांबलचक ओटा झाला होता.

"साखर जरा इकडं सरकवा की," काकी म्हणाल्या.

हेमांगीनं डबा सरकवला. दुसरं काय करणार?

दारात सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस उभे होते. "पाचाच्या आतली बिऱ्हाडं शेजारच्यात मिळवलीत, मॅडम. तुम्ही तिघं, घोरपडेही तिघंच. नियमच आहे. आमच्या प्रसादला तुम्हीच शिकवलात."

शिकवला होता खराच. हेमांगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि काय-स्क्वेअर चाचणी समजून घ्यावी तर पणशीकर मॅडमकडून, असं मुलं म्हणायची. प्राणी मोजायचे, प्रकाराप्रमाणे रकान्यांत घालायचे, आणि अपेक्षेपेक्षा आकडे किती वेगळे पडतात ते पाहायचं. ज्या रकान्यात पाचसुद्धा अपेक्षित नसतात त्याच्यावर चाचणीचा भरवसा नाही. तो शेजारच्यात मिळवायचा. पण मिळवायचा तो सारख्यातच, हेही ती दरवर्षी बजावायची.

आणि गेल्या वर्षी तिनंच ते मोडलं होतं. रंगाच्या कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला तिनं नदीतले बेडूक मोजले. जादा पायाचे बेडूक निघाले, अगदी मोजके, पण सगळे खालच्या अंगाचे. ते तिनं अंगावर ठिपके असलेल्या बेडकांत मिळवले. ठिपकेवाले दोन्हीकडे सारखेच आणि पुष्कळ होते. रकान्याचं नाव झालं 'इतर', आणि अहवालात वाक्य आलं: दोन बाजूंत लक्षणीय फरक नाही. सुंठीवाचून खोकला गेला. कारखाना चालू राहिला, कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेची फीत कारखान्याच्या मालकांनी कापली, हेमांगीला विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली. खालच्या गावातली माणसं तेच पाणी पितात, हे तिला ठाऊक होतं. तेव्हापासून पाण्याचा घोट तिला धड गिळवत नसे.

"आता पुढं काय?" तिनं सबनिसांना विचारलं.

"बिऱ्हाडं झाली. आता माणसं," ते म्हणाले आणि वरच्या मजल्यावर गेले.

दुपारी जेवायला एकच पुरुष घरी आला. खांद्याला हेमांगीच्या नवऱ्याची, श्रीनिवासची बॅग, हातात काकींच्या मुलाचं, दिगंबरचं हेल्मेट. हेमांगीनं "श्रीनिवास" म्हटलं तरी तो ओ द्यायचा, काकींनी "दिगू" म्हटलं तरी. खुर्ची त्याच्याखाली करकरली. जेवला तो दोघांचं. बेरीज कुठंही चुकत नव्हती.

"उद्यापासून एक डबा कमी," काकी म्हणाल्या. "बरंच झालं की."

"आणि मुली?"

हेमांगीची रेवती आणि काकींची नात तनया एकाच वर्गात होत्या. संध्याकाळच्या बसनं दोघी बरोबर यायच्या.

"पोरी दोनच तर आहेत," काकी म्हणाल्या. "मिळवतीलच."

हेमांगी तशीच खाली धावली. सबनीस जिन्यापाशी बसून पाटीवर 'पणशीकर-घोरपडे' रंगवत होते.

"माझ्या मुलीला वेगळं ठेवा. हात जोडते."

"ठेवतो ना. आधी तुमचं तुम्ही वेगळं करून आणा."

काय वेगळं करायचं, ते तिनं विचारलं नाही. रिक्षा करून ती कॉलेजात गेली. नव्या प्रयोगशाळेच्या कपाटात 'इतर' लिहिलेली, गेल्या वर्षीच्या बेडकांची मोठी बरणी होती. तिनं दोन ट्रे मांडले, एक ठिपक्यांसाठी, एक पायांसाठी, आणि पहिला बेडूक बाहेर काढला. त्याला जादा पाय होता आणि अंगावर ठिपके होते. दुसऱ्यालाही दोन्ही. तिसऱ्यालाही. प्रत्येक बेडूक हातात दोघांएवढा जड लागत होता. तिनं बरणी पार तळापर्यंत उपसली. दोन्ही ट्रे रिकामेच राहिले आणि टेबल भरून गेलं.

एकदा मिळवल्यावर कोण कुठला होता ते बेरजेतून कळत नाही. हेही ती वर्गात सांगायचीच, आणि मुलं ते निमूट उतरवून घ्यायची. हेमांगीला स्वतःची किळस आली. "चुकलं रे माझं," ती समोरच्या बेडकाला म्हणाली. बेडूक मेलेला होता. माफ करायला तिथं कुणीच नव्हतं.

ती घरी पोचली तेवढ्यात खाली बस येऊन थांबली. काकींनी मुलींसाठी एकच ताट वाढलं होतं, पण भात दोघींचा. एकच पुरुष पेपर वाचत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"दार उघडू नका," हेमांगी म्हणाली.

"अहो, पोर दमून आली असेल," काकी म्हणाल्या आणि त्यांनी कडी काढली.

खाली सबनिसांचा आवाज आला. "जपून चढ गं बाळ. काही फरक नाही पडत."

"आई," जिन्यातून हाक आली. ती रेवतीची होती, आणि तनयाचीही. मग पावलं वाजू लागली, सावकाश, जड. हेमांगी सवयीनं मोजू लागली: डावं, उजवं, आणि आणखी एक.