गूळ बाहेरून

दबोरा सहा महिने त्या पेशींवर चिडून होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती चरबीचे डोळ्यांना न दिसणारे फुगे बनवायची, आत डीएनए भरायची आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींपुढे ठेवायची. या पेशींना आवडते ती साखरही तिनं फुग्यांना जोडली होती. पण एकीनं तोंड लावलं असेल तर शपथ!

रविवारी ती वडगाव रासाईला घरी आली, तेव्हा शेजारचे हौसराव आबा आजारी म्हशीला गोळी चारत होते. दबोरानं मदत म्हणून गोळी आणि गूळ कणकेच्या उंड्यात दडवून दिला. म्हशीनं तो थुंकून टाकला.

"अगं पोरी, गूळ आत कोंबलास व्हय? जिभंला आधी गूळच लागला पायजे," म्हणत आबांनी उंड्याला बाहेरून गूळ चोपडला. म्हशीनं तो गट्ट केला.

दबोराला आपले फुगे आठवले. तिची साखरही फुगा टिकावा म्हणून दिलेल्या आवरणाखाली बुडाली होती! पुण्यात जाऊन तिनं ती साखर रेणूंच्या लांब धाग्यावर आवरणाबाहेर काढली. तिसऱ्या दिवशी पेशी हिरव्या चमकल्या. आत गेलेला डीएनए कामाला लागल्याची ती खूण होती.

हंगामाच्या उपासनेला जो तो पहिलं पीक घेऊन गावच्या चर्चमध्ये आला. दबोरानं ज्वारीच्या कणसांशेजारी हिरव्या पेशींचा फोटो ठेवला.

"हे कुणाच्या रानातलं?" पाळकसाहेबांनी हसून विचारलं.

तिच्या आग्रहाखातर आलेले हौसराव शेवटच्या बाकावर टोपी सावरत बसले होते. तिनं तिकडं बोट केलं.

"रानातलं न्हाई," ती म्हणाली, "आबांच्या गोठ्यातलं."