दिग्विजय सरांचा शून्य टक्के

मार्चचा दुसरा आठवडा होता. पहाटे दापोडीहून निघताना मैत्रीला स्वेटर लागायचा आणि दुपारी चाकणला तिची टाळू भाजून निघायची. कारखान्यातून सुटलेल्या नव्या कोऱ्या गाड्या रवाना होईपर्यंत जिथे उभ्या राहतात, त्या यार्डाची ती शिफ्ट इन्चार्ज. पाचशे गाड्या उघड्यावर उभ्या आणि शेड एकच, तीही दोनशे गाड्यांची. गाड्या वाहून नेणारे ट्रेलर भरायचे तेही त्याच शेडमधून.

हवामान खात्याचा अंदाज आला होता. चार दिवस हवा लहरी राहील, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस आणि गारा पडतील. यार्ड मॅनेजर दिग्विजय सरांनी तातडीनं 'वेदर ब्रीफिंग' सुरू केलं. एखाद्या गोष्टीला इंग्रजी नाव दिलं की ती आपल्या मुठीत आली, असं सरांना मनापासून वाटे. सकाळी नऊला पडद्यावर नकाशा लागे आणि त्यावर सरांचा लाल ठिपका माशीसारखा भिरभिरे. अकरा ड्रायव्हर चहा पीत माना हलवत. त्यातले सगळ्यांत जुने उद्धवराव, मूळचे लातूरकडचे, उघडउघड डुलकी काढत.

पहिल्या दिवशी सरांनी दोनशे गाड्या शेडमध्ये घ्यायला लावल्या. दिवसभर लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतल्या. संध्याकाळी चार थेंब शिंतडले, बाहेरच्या तीनशे गाड्यांवर चिखलाचे ठिपके पडले आणि त्या धुवाव्या लागल्या. दोन्ही दिवस शेड अडल्यामुळे ट्रेलर ताटकळले. मुख्य कार्यालयातून सरांना फोन आला. तो काही गोड नसावा, कारण तिसऱ्या दिवशी सर नकाशाशिवाय उभे राहिले.

"हवामान खातं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे," ते म्हणाले. "मी पैसे भरून अ‍ॅप घेतलंय. आज चाकणला पावसाची शक्यता शून्य टक्के. एकही गाडी हलवायची नाही."

"सर, कालपर्यंत तर खात्याचाच अंदाज दाखवत होता तुम्ही," मैत्री म्हणाली.

"डेटा बदलतो, मैत्री. आपण डेटाबरोबर बदलायचं असतं."

तिला वाटलं, छपरावर वाऱ्याबरोबर गिरकी घेणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यालासुद्धा एवढा पगार कुणी देत नसेल. सर घरून काम करायला पुनावळ्याला निघून गेले.

तीनच्या सुमारास वारा पडला. ईशान्येच्या बाजूनं काळंभोर आभाळ वर चढू लागलं, त्याची कड पिवळट दिसत होती. उद्धवरावांनी नाक वर केलं.

"ताई, ह्ये ढग मला बरं दिसंना."

मैत्रीनं सरांना फोन लावला.

"इथे कडक ऊन आहे," सर म्हणाले.

"तिथे असेल सर, इथे अंधारून आलंय."

"अ‍ॅपवर अजूनही शून्य आहे. उगाच पॅनिक होऊ नकोस."

फोन ठेवला आणि तिच्या डोक्यात सणक गेली. आठ वर्षं या यार्डात काढलेल्या बाईला पुनावळ्यात बसलेला माणूस चाकणचं आभाळ सांगणार! "चाव्या घ्या," ती ओरडली. दीड तास अकराजण धावत होते, तीही स्वतः गाड्या आत घालत होती. दोनशेवी गाडी आत गेली तेव्हा सोसाट्याचा वारा सुटला, धूळ उडाली, पत्र्यावर पाच-सहा थेंब टपटपले. आणि ढग तसाच पुढे नैर्ऋत्येला सरकला. मागे स्वच्छ ऊन पडलं. ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसू लागले. फाटकाबाहेर सहा ट्रेलर हॉर्न वाजवत उभे होते.

पाचच्या पुढे सरांचा फोन आला.

"मैत्री! इथे गारा पडतायत! लिंबाएवढ्या! माझी नवी गाडी खाली उघड्यावर आहे गं, महिनासुद्धा झाला नाही!"

मागे पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज येत होता.

"किती टक्के आहेत, सर?" मैत्रीनं विचारलं.

फोन कट झाला. ती एकटीच खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर मेमो होता. आदेशाचं उल्लंघन, सहा ट्रेलर पाच तास उशिरा. स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर खड्डे घेऊन आलेल्या माणसानं तो शांतपणे टाइप केला होता. ती संतापली आणि बाहेर उद्धवरावांपाशी भडाभडा बोलली.

म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगा. ढगाला भ्यालात का सायबाला दाखवायचं हुतं?"

खरं म्हणजे दोन्ही होतं. ट्रेलरसाठी एक रांग मोकळी सोडता आली असती, हे तिला काल दिसलं होतं. पण तेवढं थांबायला राग तयार नव्हता. स्वतःचीच तिला जरा शरम वाटली. सरांची मात्र अजिबात दया आली नाही.

दुपारी पुन्हा ढग आले. सरांचा फोन आला, आवाज एकदम मऊ. "मैत्री, आज काय करूया?"

"तुम्ही सांगा, सर. फक्त लेखी सांगा."

सरांनी फोन ठेवला. मग मोबाइलवर एक ओळ आली: परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा.

मैत्रीनं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. अकराजण खो-खो हसले. मग ती उठली, शेडच्या मधोमध चुन्यानं दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "एवढी वाट ट्रेलरला सोडायची. बाकी भरा."

शेडमध्ये एकशे चाळीस गाड्या बसल्या. चारला तासभर पाऊस झाला, साधाच, गारा नव्हत्या. त्या दिवसाचे सहाही ट्रेलर भिजत, वेळेवर गेले.