पुढच्या मंगळवारपर्यंत

रोह्याच्या त्या शाळेत त्र्यंबक सरांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातली मुलंही आपसूक गप्प बसत. सर गणित शिकवायचे आणि उत्तम शिकवायचे, हे त्यांच्यावर खार खाणारेही कबूल करत. दहावीला त्यांच्या विषयाचा निकाल दरवर्षी चांगला लागे, त्यामुळे त्यांच्या हातातल्या निरगुडीच्या फोकाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. पालक तर उलट येऊन सांगत, "सर, मारा, पण पास करा."

अनसूयाबाई त्यांची बायको. माहेर पेणचं. त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. सरांनी घरात त्यांच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्याची गरजच पडत नसे. मनाविरुद्ध काही झालं की सर आठ-आठ दिवस बोलत नसत, आणि ताटातलं अर्धं तसंच टाकून उठत. बाईंना ते पुरत असे.

१९८८ सालची गोष्ट. नववी ब मधली शकू दिवाळीनंतर काविळीने पडली. रोह्याजवळच्या निडी गावच्या हैबतरावांची ही मुलगी. घरी भात आणि वालाची शेती, आई रंभाबाई, थोरला भाऊ विठू कंपनीत शिफ्टला जाणारा. पाच आठवड्यांनी शकू शाळेत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा पुरता गेला नव्हता. गळ्यात काविळीची माळ होती आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की ती कठड्याला धरून उभी राहत होती.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती अनसूयाबाईंकडे आली.

"बाई, सर सोमवारी भूमितीची वही बघनार हायत. माझं सगळं राहिलंय. लिवायला बसले की डोळ्यांपुढं काळं होतं."

"मग सरांना सांग ना तसं."

शकू खाली बघत राहिली. "भेव वाटतं."

बाईंना तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर चारचौघींसारखं आपल्यालाही काही अधिकार आहे असं त्या क्षणी त्यांना वाटलं. "सोमवारनंतर आठ दिवस घे, पुढच्या मंगळवारपर्यंत दे. मी बोलते सरांशी," त्या म्हणाल्या. शकूचा चेहरा असा उजळला की बाईंना दिवसभर बरं वाटत राहिलं.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. सर आमटी ओरपता ओरपता थांबले.

"पाच आठवडे घरी होती ना? पडल्या पडल्या लिहिता येत नाही? आज हिला सूट दिली की उद्या सगळा वर्ग पिवळा होऊन येईल."

"अहो, खरंच आजारी होती. आठच दिवस..."

"माझ्या वर्गात तू लक्ष घालू नकोस."

बाईंनी भात वाढला आणि विषय तिथेच संपला. आपण मुदत देऊन बसलोय हे त्या बोलल्याच नाहीत. शुक्रवारी शकू व्हरांड्यात दिसली, शनिवारीही दिसली, दोन्ही वेळा ओळखीचं हसली. सर नाही म्हणालेत हे तिला सांगायला हवं होतं. बाईंची जीभ रेटली नाही. सोमवारी सर कदाचित विसरतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. सोळा वर्षांत सर काहीही विसरले नव्हते.

सोमवारी तिसऱ्या तासाला बाई नववी अ वर कविता शिकवत होत्या. दोन वर्गांच्या मध्ये नुसतं लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"वही?" सरांचा आवाज.

"सर, पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत दिलीय."

"कुणी?"

"बाईंनी."

"कोणत्या बाईंनी?"

"अनसूयाबाईंनी."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यानेच घात केला. फोक हवेत वाजला. पहिले फटके तळहातावर पडत होते, तो आवाज शाळेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. मग आवाज बदलला. जाड झाला. फोक आता पाठीवर पडत होता.

अनसूयाबाईंनी कवितेची पुढची ओळ वाचली. वर्गातली सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी आणखी एक ओळ वाचली.

"सर, नको, पोटात दुखतंय, सर..."

बाक कोसळल्याचा आवाज आला तेव्हा बाईंनी पुस्तक टाकलं आणि त्या धावल्या.

नववी ब मधली मुलं भिंतीला चिकटून उभी होती. फोकाचे दोन तुकडे होऊन पडले होते. सरांनी शकूची वेणी डाव्या मुठीला गुंडाळली होती आणि उजव्या हाताने ते तिच्या कानशिलात देत होते, एकामागून एक. माळ तुटून तिचे मणी फरशीवर पसरले होते. पोरीच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली होती.

"मुदत घेते! माझ्या वर्गात! मुदत!"

प्रत्येक थपडेबरोबर सर तोच शब्द म्हणत होते. ही मारझोड खरी कुणाला चाललीय, ते अनसूयाबाईंना लख्ख कळलं.

"सोडा तिला!" त्यांनी सरांचा दंड धरला. "मी दिली होती मुदत. मला विचारा काय ते."

सरांनी वळून त्यांच्या तोंडात भडकावली. चष्मा उडून बाकाखाली गेला. चोपन्न मुलांच्या देखत. वेणी सुटताच शकू खाली कोसळली आणि पोट धरून आडवी झाली. सरांनी तिच्या कमरेत लाथ घातली. दुसऱ्यांदा पाय उचलला.

टेबलावर फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा लाकडी कंपास होता, हातभर लांब, एका टोकाला लोखंडी टोक असलेला. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सरांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं सगळ्या वर्गाने ऐकलं. सर ओरडून वाकले तसा त्यांनी दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसऱ्यासाठी कंपास उचलला तेव्हा लोखंडी टोक पुढे होतं.

"बाई!" पहिल्या बाकावरची मैना किंचाळली.

बाई थांबल्या. पण तिसरा घाव घालायची केवढी ओढ हातात होती, हे त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही.

शकूला दोन शिक्षकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मुख्याध्यापक दिनानाथ सर भित्रे गृहस्थ. त्यांनी नवरा-बायको दोघांनाही ऑफिसात घेतलं आणि दाराला आतून कडी घातली. त्र्यंबक सरांचा हात टॉवेलमध्ये गुंडाळला होता, चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज पुन्हा जाग्यावर आला होता.

"मुलगी आजारी होती. चक्कर येऊन बाकावर आपटली. तिला सावरताना माझा हात मोडला," ते म्हणाले. "अनसूया, समजलं?"

"हेच ठीक राहील," दिनानाथ सर म्हणाले. "शाळेचा प्रश्न आहे, बाई."

 अनसूयाबाईंच्या गालावर चार बोटं उमटली होती.

तासाभरात विठू आला. कुणीतरी कंपनीच्या गेटवर निरोप नेला होता. तो शिफ्ट टाकून, अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी, तीन साथीदारांना घेऊन आला होता. चौघांच्या हातात लोखंडी पाइप होते. आधी खिडकीच्या काचा फुटल्या, मग दारावर लाथा बसू लागल्या.

"भायेर काढा त्या भाडखाऊला! माझ्या भनीचा कान फोडलान!"

दिनानाथ सर कपाटाआड गेले. चौथ्या लाथेला कडी उखडली. दाराशी अनसूयाबाई उभ्या होत्या. विठूही एकेकाळी त्यांच्याच वर्गात बसलेला होता.

"बाई, तुमच्याशी भांडान नाय. बाजूला व्हा."

मागून सर म्हणाले, "अनसूया, हलू नकोस."

अनसूयाबाई बाजूला झाल्या. दोन पावलं, भिंतीकडे.

पहिला पाइप सरांच्या गुडघ्यावर बसला, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर. ते खुर्चीसकट कोलमडले. मग बरगड्या, पाठ, वर धरलेला मोडका हात. चौघांपैकी कुणी काही बोलत नव्हतं, फक्त धापा आणि लोखंडाचा आवाज. सर आधी शिव्या देत होते, मग देवाचं नाव घेऊ लागले, मग नुसतंच कण्हू लागले. फरशीवर रक्त पसरलं. विठूने डोक्याचा नेम धरून पाइप वर नेला तेव्हा बाई भिंतीपासून सुटल्या आणि सरांच्या अंगावर पडल्या. खाली येणारा घाव आवरणं विठूला जमलं नाही. बाईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

"बाई, तुमी कशाला..." विठूच्या हातातून पाइप पडला. तो भिंतीशी बसला आणि पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हवालदार काळुराम जबाब घ्यायला आला. चक्कर येऊन पडल्याची हकिगत दिनानाथ सरांनी त्याला आधीच सांगून ठेवली होती. अनसूयाबाईंनी ती खोडून काढली. फोकापासून लाथेपर्यंत सगळं सांगितलं. कंपासाचे दोन घाव सांगितले. विठूचं नाव सांगितलं, पाइप सांगितले.

"आणि मी दारातून बाजूला झाले, तेही लिहा."

हवालदाराने पेन थांबवलं. "ते कशाला, बाई? ते कुनी इचारलं नाय."

"झालं तसं लिहा."

संध्याकाळी रंभाबाई आल्या. शकू त्याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात दुसऱ्या टोकाला होती. रंभाबाई खाटेपाशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"तुमच्या धन्याचं सांगितलंत, ते बरं केलंत. पन माझ्या इठूचं नाव कशापाय घेतलंत?"

"त्यानं मारलं, रंभाबाई."

"व्हय, मारलं. आनि तुमी वाट दिलीत म्हून मारलं. तुमच्या मनात व्हतं, त्ये त्यानं केलं. आता तो जेलात जानार आनि तुमी हितं खाटंवर."

 रंभाबाई निघून गेल्या, त्यानंतर त्या बाईंशी आयुष्यात बोलल्या नाहीत.

त्र्यंबक सर तीन महिने अंथरुणाला खिळले होते. संस्थेने त्यांना निलंबित केलं, मग त्यांनीच राजीनामा दिला आणि काठी टेकत ते पुण्याला भावाकडे गेले. जाताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली, बाईंच्या हातात दिली नाही. विठूला शिक्षा झाली आणि कंपनीने त्याला काढून टाकलं. शकूच्या डाव्या कानाला पुन्हा ऐकू आलं नाही.

संस्थेने अनसूयाबाईंना ताकीद देऊन पेणच्या शाळेत हलवलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात हैबतराव शकूला घेऊन तिथे आले. निडीहून गाडीने. वर्ष बुडाल्यामुळे नववी पुन्हा करायची होती. रोह्याच्या शाळेत परत जायला शकू तयार नव्हती, आणि घरी बसायलाही नव्हती. आई नको म्हणत असताना तिनेच पेणचा हट्ट धरला होता. हैबतराव फॉर्म भरायला ऑफिसात गेले आणि दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. पोरगी उंच झाली होती. बोलताना उजवा कान पुढे करत होती.

"बाई, सर नाय म्हनालेत, ह्ये तुमी मला सांगितलं का नाय?" तिने विचारलं. "मी दोन रात्री जागून लिवली असती वही. डोळं फुटलं असतं तरी लिवली असती."

अनसूयाबाई म्हणाल्या, "मला भीती वाटली."

"सरांची?"

"सरांची. आणि तू हिरमुसशील त्याचीही. मी चांगली आहे असं तुला वाटत होतं. ते मला मोडायचं नव्हतं."

शकूने त्यावर विचार केला. तिने क्षमा केली नाही, रागही दाखवला नाही.

"परत असं कराल?"

"नाही."

"नववी ब कुठं हाय?"

बाईंनी हात केला. शकू गेली आणि खिडकीजवळच्या रांगेत, जिथून फळ्याकडे उजवा कान येईल अशा बाकावर दप्तर ठेवून बसली.