आवाजात बदल केलेला आहे

ओडेल प्रूइट केंटकीच्या डोंगरात जुनी गाणी शोधून त्यांच्या तबकड्या काढायचा. कंपनी म्हणायची तर दुकानामागची एक खोली आणि तो एकटा. एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या तळघरात त्याला ऑर्लिना स्टॅम्परची फीत सापडली. विशीतली ऑर्लिना खाणकामगारांच्या चर्चमध्ये गात होती, पण फितीवरच्या खरखरीमुळे एक शब्द कळत नव्हता. अख्खा हिवाळा खपून ओडेलने ती खरखर काढली.

म्हाताऱ्या ऑर्लिनाने ते ऐकलं आणि हाताने तोंड झाकून घेतलं. "अगं बाई, मी अशी गायचे?"

तेवढ्यात नवा कायदा आला. यंत्राने बनवलेले खोटे आवाज ओळखू यावेत म्हणून केलेला. फितीला जरा हात लावला तरी वेष्टनाच्या दर्शनी बाजूलाच ठरलेली ओळ छापायची, आणि ते गाणं गायलेल्या, त्यात साथ केलेल्या प्रत्येकाला किंवा त्याच्या वारसाला आधी कळवून होकार घ्यायचा. साथीला बॅन्जो वाजवणाऱ्याचे वारस शोधता शोधता ओडेलचा उन्हाळा गेला. एक नातू पार कॅनडातल्या अल्बर्टात निघाला. सगळ्यांचे होकार आले, तेव्हा तो वेष्टनाचा नमुना घेऊन ऑर्लिनाकडे गेला.

तिने चष्मा लावून वाचलं, 'या ध्वनिमुद्रणातील आवाजात बदल केलेला आहे.'

"काय बदललंस रे पोरा?"

"काही नाही, मिस ऑर्लिना. खरखर काढली फक्त."

"मग तसं लिही की."

"शब्द सरकारचे आहेत. मला एक अक्षर हलवता येत नाही."

"लाव बघू परत."

गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग हळूच म्हणाली, "मागे ऐकलं तेव्हा मीच होते. आता खात्री वाटत नाही."

"तुम्हीच आहात हो! शपथ घेऊन सांगतो."

"तू सांगशील. पण गावातली माणसं हे वाचतील ना? म्हणतील, म्हातारीला कुठलं एवढं गाता येत होतं! नको. तबकडी काढू नकोस."

ओडेलने पुष्कळ विनवलं. ती ऐकेना. नकार तिचा होता आणि तो मोडायचा नाही, हेही कायद्यातच होतं. घरी येऊन त्याने छापखान्याचं काम रद्द केलं. त्यानंतर नव्या फितीला हात लावायची त्याला इच्छाच झाली नाही.

फेब्रुवारीत ऑर्लिना गेली. दफनानंतर तिची भाची चर्चच्या पायरीवर त्याच्याजवळ आली.

"मावशी तरुणपणी छान गायची म्हणे. कुठे काही रेकॉर्डिंग आहे का हो तिचं?"

ओडेलने हॅट हातात फिरवली. "नाही," तो म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.